स्तनाचा कर्करोग लवकर सापडला: खासगी रुग्णालय की सरकारी? निर्णय कसा घ्यायचा?

बायोप्सीचा रिपोर्ट येतो. त्यावर ‘इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. डॉक्टर सांगतात, लवकर सापडलंय, बरं होण्यासारखं आहे. घरी पोहोचेपर्यंत नातेवाइकांचे फोन सुरू झालेले असतात. एक जण सांगतो, थेट टाटाला न्या. दुसरा म्हणतो, तिथे नंबर लागेपर्यंत उशीर होईल, चांगल्या खासगी हॉस्पिटलात दाखवा, पैशांचं बघू. तिसऱ्याला कुठल्यातरी योजनेत सगळं फुकट होतं असं कळलेलं असतं. ज्या बाईला हा आजार झालाय तिला मात्र बहुतेक वेळा कोणी विचारलेलं नसतं.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेक घरांमध्ये हाच प्रश्न आला असणार. खासगी की सरकारी?

थोडक्यात उत्तर असं: जिथे तुमचा उपचार नीट ठरेल, वेळेत सुरू होईल आणि शेवटपर्यंत पूर्ण होईल, ती जागा योग्य. या तिन्ही गोष्टी तपासायच्या कशा, ते पुढे पाहू.

‘लवकर सापडलं’ म्हणजे काय?

साधारणपणे पहिल्या आणि दुसऱ्या स्टेजच्या कर्करोगाला ‘अर्ली’ म्हणतात. गाठ स्तनात असते, फार तर काखेतल्या काही ग्रंथींपर्यंत पोहोचलेली असते. हाडं, फुफ्फुस, यकृत अशा लांबच्या अवयवांत ती गेलेली नसते. अशा वेळी उपचाराचं उद्दिष्ट रुग्ण पूर्ण बरा करणं हेच असतं.

पण सगळ्या गाठी सारख्या नसतात. बायोप्सीच्या तुकड्यावर तीन तपासण्या करतात: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन तपासण्यांवरून गाठ स्त्री-हार्मोनवर वाढते का ते कळतं. तिसरीवरून हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का ते कळतं. तिन्ही नसतील तर त्या प्रकाराला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात.

पुढचा सगळा खर्च आणि कालावधी या तीन तपासण्यांवर अवलंबून असतो. त्या हातात नसताना कोणी ‘पॅकेज’ सांगत असेल, तर तो आकडा अर्धवट आहे असं समजा.

उपचार एक नसतो, टप्पे असतात

खासगी की सरकारी, या चर्चेत बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फक्त ऑपरेशन असतं. प्रत्यक्षात टप्पे असे असतात:

शस्त्रक्रिया: फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढायचा, की पूर्ण स्तन काढायचा, हे ठरतं. काखेतल्या ग्रंथीही तपासल्या जातात.

किमोथेरपी: सगळ्यांना लागत नाही. लागली तर साधारण तीन ते सहा महिने चालते.

रेडिएशन: काही जण याला ‘लाइट देणं’ म्हणतात. स्तन वाचवला असेल तर बहुतेक वेळा लागतंच. हल्ली ते अनेकदा तीन आठवड्यांत, १५ वेळा देतात. काही निवडक रुग्णांना ५ वेळांतही देतात.

हर-टूचं औषध: ट्रास्टुझुमॅब. हे इंजेक्शन हर-टू पॉझिटिव्ह असेल तरच देतात. साधारण दर २१ दिवसांनी, एकूण वर्षभर.

हार्मोनच्या गोळ्या: ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल यांसारखी गोळी रोज घ्यायची. किमान पाच वर्षं, काहींना दहा.

म्हणजे ऑपरेशनचे टाके निघाल्यावर अनेक बायकांचा उपचार नुकता सुरू झालेला असतो. पहिल्या महिन्यात साठवलेले पैसे संपले, तर अडचण सहाव्या महिन्यात येते. तेव्हा इंजेक्शन चुकतं, रेडिएशन पुढे ढकललं जातं, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद होते. अर्धवट राहिलेला उपचार हा लवकर सापडलेल्या कर्करोगातला टाळता येण्यासारखा मोठा धोका आहे.

घाई किती करायची?

भीती वाटणं स्वाभाविक आहे. पण स्तनाचा कर्करोग म्हणजे हृदयविकाराचा झटका नव्हे. आज रात्रीच ऑपरेशन करायची गरज नसते. तपासण्या पूर्ण करायला, दुसरं मत घ्यायला, कागद जमवायला एक-दोन आठवडे लागले तर नुकसान होत नाही.

महिने घालवले तर मात्र होतं. २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार कर्करोगाची शस्त्रक्रिया दर चार आठवडे लांबली की मृत्यूचा मूळचा जो धोका असतो, त्यात साधारण ६ ते ८ टक्क्यांची भर पडते. त्यामुळे निदानापासून महिनाभरात पहिला उपचार सुरू व्हावा, असं लक्ष्य ठेवा.

घाईचा आणखी एक तोटा आहे. गाठ मोठी असेल आणि ती ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर अनेकदा किमो आधी देतात आणि ऑपरेशन नंतर करतात. गाठ औषधाला कशी दाद देते ते त्यातून कळतं, आणि पुढचं औषध त्यावर ठरतं. जवळच्या नर्सिंग होममध्ये ‘आधी गाठ काढून टाकू, मग बघू’ असं झालं तर ही संधी जाते. बायोप्सीशिवाय गाठ काढली आणि कडेला कर्करोगाच्या पेशी राहिल्या, तर दुसरं ऑपरेशन करावं लागतं. म्हणून सुईची बायोप्सी आणि तीन तपासण्या झाल्याशिवाय कुठेही, खासगीत किंवा सरकारीत, गाठ काढून घेऊ नका.

पर्याय दोन नाहीत, पाच आहेत

महाराष्ट्रात ‘खासगी’ आणि ‘सरकारी’ यांच्या मध्ये बरंच काही आहे, आणि अनेक घरांना उपयोगी पडणारा पर्याय तिथेच असतो.

१. विशेष कर्करोग केंद्र: मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय आणि खारघरचं त्याचंच ॲक्ट्रेक केंद्र. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. नाव टाटांचं असलं तरी ते सरकारी आहे. इथे जनरल आणि प्रायव्हेट असे दोन वर्ग आहेत. प्रायव्हेटमध्ये पैसे जास्त, डॉक्टर निवडण्याची सोय आणि वेगळ्या खोल्या. जनरलमध्ये दर अगदी कमी. उपचार ठरवणारे तज्ज्ञ तेच असतात.

२. सरकारी आणि पालिकेची वैद्यकीय महाविद्यालयं: मुंबईत केईएम, जेजे, सायन, नायर; पुण्यात ससून; नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय; छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. खर्च कमी, अनुभव भरपूर. मात्र रेडिएशनची सोय प्रत्येक ठिकाणी सारखी नाही, ती आधी विचारावी लागते. गोव्यात बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तिथल्या रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे.

३. ट्रस्टची कर्करोग रुग्णालयं: बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट ही त्यांतली काही. मोठ्या शहरापर्यंत न जाता उपचार व्हावेत यासाठी ही महत्त्वाची आहेत.

४. खासगी रुग्णालय, पण योजनेतून: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अनेक खासगी रुग्णालयंही आहेत. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे आणि आयुष्मान भारतसोबत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. ‘आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काही मिळत नाही’ हे आता खरं नाही.

५. पूर्ण खासगी: विम्यावर किंवा स्वतःच्या पैशाने.

चौथ्या आणि पाचव्या पर्यायाच्या मध्ये आणखी एक वाट आहे. धर्मादाय ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना कायद्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए मध्ये ही तरतूद आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिची योजना ठरवून दिली. शहरातली बरीच नामांकित ‘खासगी’ रुग्णालयं प्रत्यक्षात धर्मादाय आहेत. तिथे समाजसेवा विभागात जाऊन उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखवून अर्ज करायचा असतो.

खासगीत नक्की काय जास्त मिळतं?

वेळ मिळतो. तारीख लवकर मिळते, डॉक्टर जास्त बोलतात, रिपोर्ट लवकर येतात, सोबतच्या माणसाला बसायला खुर्ची असते. नोकरी करणाऱ्या किंवा लहान मुलं असलेल्या बाईसाठी ही छोटी गोष्ट नाही. गाठ काढल्यावर स्तनाचा आकार नीट राखणारी किंवा स्तन पुन्हा घडवणारी शस्त्रक्रिया मोठ्या खासगी रुग्णालयांत सहज मिळते.

पण औषधं तीच असतात. टॅमॉक्सिफेनची गोळी पंचतारांकित रुग्णालयात वेगळी लागू पडत नाही. आणि चांगला उपचार महागच असतो असंही नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत १,६०० महिलांवर एक चाचणी झाली. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे भुलीचं साधं, स्वस्त इंजेक्शन द्यायचं, एवढाच फरक. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर आजार न उलटलेल्या महिलांचं प्रमाण इंजेक्शन दिलेल्या गटात ८६.६ टक्के, तर न दिलेल्या गटात ८२.६ टक्के होतं. हे औषध कुठल्याही तालुक्याच्या रुग्णालयात असतं.

खासगीत एक धोकाही असतो: गरज नसलेल्या तपासण्या. पहिल्या-दुसऱ्या स्टेजची छोटी गाठ असेल आणि हाडदुखी, धाप, कावीळ अशी लक्षणं नसतील, तर पेट-स्कॅन सरसकट लागत नाही. कोणी सांगितला तर ‘माझ्या बाबतीत तो कशासाठी?’ असं विचारा.

सरकारीत काय सोसावं लागतं?

गर्दी, रांगा आणि धावपळ. केसपेपर एका मजल्यावर, सोनोग्राफी दुसऱ्या इमारतीत, रिपोर्ट चार दिवसांनी. प्रत्येक वेळी तेच डॉक्टर भेटतील असं नाही. मोठ्या केंद्रांत ऑपरेशन किंवा रेडिएशनसाठी प्रतीक्षा यादी असू शकते. सोबत एक धडधाकट माणूस नसेल तर हे सगळं अवघड जातं.

दुसरीकडे, मोठ्या केंद्रात दररोज अशा रुग्ण येतात. सर्जन, किमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात. याला ‘ट्यूमर बोर्ड’ म्हणतात. छोट्या खासगी रुग्णालयात एकच सर्जन सगळं ठरवत असेल, तर तिथली चकचकीत लॉबी ही उणीव भरून काढत नाही.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी राहण्याचा प्रश्न मोठा असतो. परळ-दादर भागात गाडगे महाराज धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था रुग्णांची अल्प दरात राहण्याची सोय करतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग रुग्णाला रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही आहे. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहेच.

दर्जा ओळखायचे सहा प्रश्न

रुग्णालय कुठलंही असो, हे सहा प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. माझा निर्णय ट्यूमर बोर्डात ठरेल का? एकटे सर्जन ठरवणार असतील तर दुसरं मत घ्या.

२. तुम्ही महिन्याला स्तनाच्या कर्करोगाची किती ऑपरेशनं करता? हा प्रश्न उद्धट नाही. चांगले सर्जन सरळ उत्तर देतात.

३. माझा स्तन वाचवता येईल का? येत नसेल तर का? गाठ काढून रेडिएशन देणं आणि पूर्ण स्तन काढणं, या दोन्हींत जगण्याची शक्यता सारखीच असते. इटली आणि अमेरिकेतल्या दोन चाचण्यांच्या २० वर्षांच्या निष्कर्षांतून हे २००२ मध्ये पक्कं झालं. तरीही जिथे रेडिएशनचं मशीन नाही, तिथे ‘पूर्ण काढून टाकू, कटकट नको’ असा सल्ला मिळण्याची शक्यता जास्त असते.

४. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढणार की आधी एक-दोन तपासणार? काख वरून साफ असेल तर सेंटिनेल नोड ही पद्धत वापरता येते. सगळ्या ग्रंथी काढल्या तर हाताला कायमची सूज येण्याचा धोका वाढतो.

५. किमो आणि रेडिएशन इथेच होईल का? नसेल तर कुठे, आणि तिथली तारीख कोण घेऊन देणार?

६. पहिल्या दिवसापासून शेवटच्या इंजेक्शनपर्यंत एकूण अंदाजे खर्च किती? फक्त ऑपरेशनचा आकडा घेऊन घरी येऊ नका.

महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद आणि सेवांचे दर दिसतील असे लावायचे असतात. दर विचारणं हा तुमचा हक्क आहे.

पैशांचा हिशोब कसा मांडायचा?

एका वहीत दोन रकाने करा. डावीकडे वरचे टप्पे, उजवीकडे प्रत्येक टप्प्याचे पैसे कुठून येणार.

विमा असेल तर चार गोष्टी बघा. एक, विम्याची रक्कम आणि नूतनीकरणाची तारीख: वर्षभराचा उपचार दोन पॉलिसी वर्षांत विभागला गेला तर दोन्ही वर्षांची रक्कम वापरता येते. दोन, खोलीभाड्याची मर्यादा: मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर इतर बिलही त्याच प्रमाणात कापलं जाऊ शकतं. तीन, हर-टूच्या इंजेक्शनसारख्या औषधांवर वेगळी मर्यादा आहे का. चार, विमा नोकरीतून मिळालेला आहे का: नोकरी गेली तर तो सहसा संपतो. आजारपणात घाईने राजीनामा देऊ नका.

योजना वापरायची असेल तर लक्षात ठेवा, ती कॅशलेस आहे. आधी रोख भरून नंतर पैसे परत मागण्याची सोय नाही. दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा आणि प्रत्येक टप्प्याची पूर्वमंजुरी घ्या. सर्जरी, किमो, रेडिएशन आणि हर-टूचं इंजेक्शन यांपैकी या रुग्णालयात योजनेतून काय काय होतं, हे वेगवेगळं विचारा. काही रुग्णालयं फक्त काही उपचारांसाठी योजनेत असतात. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आणि आयुष्मानची १४५५५ आहे. ईएसआय, रेल्वे किंवा केंद्र सरकारची आरोग्य योजना लागू असेल तर तिथून पाठवणीचं पत्र आधी घ्या.

मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांच्याकडेही अर्ज करता येतो. त्यासाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. म्हणून ते लेखी घ्या.

शेत किंवा दागिने विकण्याचा विचार हे सगळे मार्ग तपासून झाल्यावरच करा.

तीन घरं, तीन निर्णय

समजा, धाराशिव जिल्ह्यातल्या ५० वर्षांच्या शेतकरी बाईची दुसऱ्या स्टेजची गाठ आहे. मुंबईत चार महिने राहणं शक्य नाही. तिच्यासाठी एक मार्ग असा: टाटामध्ये एकदा दाखवून उपचाराचा आराखडा घ्यायचा आणि किमो व रेडिएशन बार्शीसारख्या जवळच्या केंद्रात योजनेतून करायचं. टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली केंद्रं आहेत, आणि सगळीकडे सारखे उपचार व्हावेत हाच तिचा हेतू आहे.

समजा, पुण्यात नोकरी करणारी ३६ वर्षांची बाई आहे. कंपनीचा ५ लाखांचा विमा आहे आणि गाठ हर-टू पॉझिटिव्ह आहे. तिची रक्कम किमो आणि ऑपरेशनमध्येच संपू शकते, आणि वर्षभराची इंजेक्शनं उरतात. तिने पहिल्याच भेटीत विचारायला हवं की भारतात २०१४ पासून मिळणारं ट्रास्टुझुमॅबचं जैवसमान, म्हणजे मूळ औषधासारखंच पण कमी किमतीचं, औषध वापरता येईल का, आणि रक्कम संपल्यावर याच रुग्णालयात योजना चालेल का. पुढे मूल हवं असेल तर किमो सुरू होण्याआधीच स्त्रीबीज गोठवण्याबद्दल बोलायला हवं. त्याला साधारण दोन आठवडे लागतात, आणि नंतर ही संधी राहीलच असं नाही.

समजा, ठाण्यातल्या ७२ वर्षांच्या आजी आहेत. गाठ लहान, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. त्यांना कदाचित किमो लागणारच नाही. ऑपरेशन, थोडं रेडिएशन आणि रोजची गोळी यांवर काम भागू शकतं. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मानमध्ये ५ लाखांचं संरक्षण आहे. जवळच्या, योजनेतल्या चांगल्या रुग्णालयात त्यांचं सगळं होऊ शकतं. गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर खर्च आणखी कमी होतो.

मध्येच रुग्णालय बदलता येतं का?

येतं, आणि त्यात कमीपणा नाही. ऑपरेशन खासगीत आणि रेडिएशन सरकारीत, असं अनेक जण करतात. अट एकच: दोन टप्प्यांमध्ये मोठा खंड पडू देऊ नका. ऑपरेशनच्या तारखेसोबतच पुढच्या ठिकाणची नोंदणी करून ठेवा.

त्यासाठी एक फाइल बनवा: बायोप्सीचा आणि ऑपरेशननंतरचा रिपोर्ट, ईआर-पीआर-हर-टूचा रिपोर्ट, मॅमोग्राफीच्या फिल्म, ऑपरेशनची नोंद, किमोच्या औषधांची नावं आणि मात्रा, डिस्चार्ज कार्ड. शिवाय पॅथॉलॉजीतून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. नवं रुग्णालय बहुतेक वेळा तेच पुन्हा तपासतं. ब्लॉक हरवला तर पुन्हा सुई टोचावी लागू शकते, आणि गाठ काढून झाली असेल तर ती तपासणी पुन्हा करताच येत नाही. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

निर्णय कोणाचा?

आपल्याकडे बाईच्या आजारपणात मुलगा, नवरा, जावई ठरवतात आणि ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणते. अनेकदा त्या ‘तुम्ही म्हणाल तसं’च्या मागे ‘माझ्यामुळे घर कर्जात नको’ ही भीती असते. ती बोलून दाखवली जात नाही, आणि मग तीच बाई सहा महिन्यांनी म्हणते, आता बास, मला बरं वाटतंय.

उलटंही घडतं. ‘सरकारीत नेलं तर लोक काय म्हणतील’ म्हणून घर झेपणार नाही तिथे नेतं. सरकारी केंद्रात नेणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नाही, आणि खासगीत नेणं म्हणजे जास्त प्रेम असणं नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात हिशोबाची वही तिच्यासमोर उघडा. पैसे कुठून येणार ते तिला सांगा. रांगेत कोण उभं राहील, स्वयंपाक कोण करेल, मुलांना कोण बघेल ते ठरवा. स्तन वाचवायचा की काढायचा, कुठे राहायचं, कोणासोबत जायचं, हे तिला विचारा. आपल्या उपचाराचा खर्च आणि वेळ घराला झेपतोय हे तिला दिसलं, तर पाचव्या वर्षाची गोळीही ती घेईल.

या लेखातली माहिती निर्णयाला मदत व्हावी म्हणून आहे. प्रत्येक गाठ वेगळी असते, त्यामुळे उपचार कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच ठरवा. योजनांचे नियम आणि उत्पन्नाच्या मर्यादा बदलतात. अर्ज करण्याच्या दिवशी आरोग्यमित्र किंवा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून त्या तपासून घ्या.